आई-बाबांच्या फोनमध्ये फिटनेस ॲप टाकण्याआधी : दहा मिनिटांचा घरचा व्यायाम आणि त्यासाठी फोनची तयारी

घरात कुणाचाही फोन हँग झाला, ओटीपी आला नाही किंवा स्टोरेज भरलं की हाक तुम्हालाच मारली जाते ना? मग कधी ना कधी "ते व्यायामाचं ॲप टाकून दे की माझ्या फोनमध्ये" हेही तुम्ही ऐकलं असेल. मी ते ऐकलं गेल्या वर्षी गणपतीत, मिरजेला घरी गेले होते तेव्हा.

बाबा ५८ वर्षांचे. हार्डवेअरचं दुकान आहे, सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ गल्ल्यावर बसून. बीपीची गोळी चालू आहे आणि साखर 'काठावर' आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "रोज थोडा व्यायाम करा." थोडा म्हणजे किती, आणि कुठला, हे बाबांनी विचारलं नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. आई ५४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिचा दिवस पहाटे साडेपाचला डब्यापासून सुरू होतो आणि रात्री ओटा पुसून संपतो. दोघांनीही शेवटचा व्यायाम केला तो बहुतेक शाळेच्या पीटीच्या तासाला.

मी प्ले स्टोअर उघडलं, सगळ्यात वर आलेलं, भरपूर रेटिंगचं 'सात मिनिटांचा व्यायाम' टाइपचं ॲप बाबांच्या फोनमध्ये टाकलं, दोन मिनिटांत सेटिंग करून दिलं आणि पुण्याला परत आले. चौथ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "बाबांना दरदरून घाम फुटलाय, खाली बसलेत, चक्कर येतेय म्हणतात." मी पाच तासांवर. शेजारच्या काकांनी त्यांना दवाखान्यात नेलं, ईसीजी वगैरे झालं. सुदैवाने काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी ते ॲप स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं करायला?"

कुणी सांगितलं, तर मी. इंजिनिअर मुलीने.

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. ही ॲप्स नक्की काय मोजतात, कुणासाठी बनली आहेत आणि आपल्या आई-बाबांना त्यांचा किती उपयोग आहे ते नीट वाचलं. हा लेख त्यातूनच आला आहे.

सात मिनिटं कुणासाठी होती?

सात मिनिटांच्या व्यायामाचं मूळ एका लेखात आहे. २०१३ मध्ये ब्रेट क्लिका आणि ख्रिस जॉर्डन या दोघांनी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या नियतकालिकात तो लिहिला. १२ व्यायाम, प्रत्येकी ३० सेकंद, मध्ये १० सेकंद विश्रांती. (१२ गुणिले ३० अधिक ११ गुणिले १० म्हणजे ४७० सेकंद. सात नाही, जवळजवळ आठ मिनिटं होतात. असो.) जंपिंग जॅक, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, पुश-अप, प्लँक, असे सगळे जोरात करायचे प्रकार. नावातच 'हाय इंटेन्सिटी' आहे. वेळ कमी आहे म्हणून ताकद जास्त लावायची, हाच त्याचा हिशोब.

आता महत्त्वाचं. त्याच लेखात लेखकांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे की वजन जास्त असलेल्या, सवय सुटलेल्या, आधी दुखापत झालेल्या किंवा वयस्कर लोकांनी हे जपून करावं. आणि बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्यातले भिंतीला टेकून बसणं, प्लँक आणि साइड प्लँक हे तीन प्रकार करू नयेत. कारण यात शरीर हलत नाही, पण स्नायू आवळलेलेच राहतात. माणूस नकळत श्वास रोखतो आणि बीपी वर चढतं.

मी टाकलेल्या ॲपमध्ये ही सूचना होती का? होती, 'अटी व नियम' या पानावर, इंग्रजीत, बारीक अक्षरात. वापरायला सुरुवात करताना ॲपने वय, उंची, वजन विचारलं आणि 'पोट कमी करायचंय की दंड वाढवायचेत?' असंही विचारलं. बीपी आहे का, हा प्रश्न कुठेच नव्हता. बाबा भिंतीला टेकून ३० सेकंद दात-ओठ खात बसले होते, श्वास रोखून. ॲप म्हणत होतं, "शाब्बास, सोडू नका!"

म्हणून पहिला नियम : ॲप बघताना रेटिंग बघू नका, पहिल्या पाच मिनिटांत ते तब्येतीबद्दल काय विचारतं ते बघा. काहीच विचारत नसेल तर ते तुमच्यासारख्या पंचविशीतल्या माणसासाठी आहे, तुमच्या बाबांसाठी नाही.

दहा हजार पावलं कुठून आली?

मग मी म्हटलं, ठीक आहे, उड्या नकोत, साधं चालणं. पावलं मोजणारं ॲप तर फोनमध्ये असतंच. त्यात लक्ष्य आधीच भरलेलं असतं, १०,०००. बाबांचा आकडा रोज संध्याकाळी असायचा दीड-दोन हजार. आईचा आकडा बघून तर मी चक्रावले. ९००! जी बाई दिवसभर एका जागी बसत नाही, तिची ९०० पावलं?

आईच्या आकड्याकडे येतेच, आधी १०,००० चं बघू. हा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याला नाव दिलं 'मानपो-केइ'. 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पावलं, 'केइ' म्हणजे मोजणारं. आकडा गोल आहे, लक्षात राहतो, जाहिरातीला छान. तोच आकडा पुढे घड्याळांत आणि आपल्या फोनमध्ये येऊन बसला.

खरं संशोधन खूप नंतर झालं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी १६ हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. पुढे पावलं वाढली तसा फायदाही वाढत गेला, पण साधारण ७,५०० नंतर आलेख सपाट झाला. म्हणजे सगळ्यात मोठा फरक खालच्या टोकाला पडतो. जो काहीच करत नाही त्याने थोडं केलं की त्यालाच जास्त मिळतं. बाबांसाठी ही चांगली बातमी आहे आणि ॲप तीच लपवतं. दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर गेलेल्या माणसालाही ते रात्री अर्धवट भरलेलं वर्तुळ दाखवतं.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये आपले नियम बदलले. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत, असं त्यात आहे. २०१० च्या जुन्या नियमांत एका वेळी किमान दहा मिनिटं केलं तरच ते मोजायचं, अशी अट होती. नव्या नियमांत ती काढून टाकली. चार मिनिटं सकाळी, तीन दुपारी, पाच रात्री, हेही धरलं जातं. ज्यांच्याकडे सलग अर्धा तास कधीच नसतो त्या आपल्या आईसारख्यांसाठी ही एक अट निघणं फार मोठं आहे.

आईची पावलं फोनला का दिसत नाहीत?

हा भाग जरा टेक्निकल आहे, पण मला सगळ्यात आवडलेला.

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. तो तीन दिशांतला वेगाचा बदल मोजतो. फोन टेबलावर शांत पडला असला तरी त्याला ९.८ हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा दिसतच असतो. तुम्ही चालता तेव्हा प्रत्येक पावलाला शरीर किंचित वर-खाली होतं आणि त्या आकड्यात लाट उमटते. एका सेकंदात साधारण दोन लाटा, जवळपास सारख्या अंतराने, सारख्या उंचीच्या. सॉफ्टवेअर त्या लाटांची शिखरं मोजतं, बस. अँड्रॉइडमध्ये ही सोय ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे आणि त्याच वर्षी आयफोन ५एसमध्ये यासाठी वेगळी छोटी चिप आली. मुख्य प्रोसेसर झोपलेला असला तरी हे काम कमी बॅटरीत चालू राहतं.

पण रिक्षाचा हादरा, हातात फोन हलवणं हेही लाटांसारखंच दिसतं. मग चुकीची मोजणी टाळायला सॉफ्टवेअर थोडं थांबतं, सलग काही पावलं एका लयीत आली तरच त्याला चालणं म्हणतं. अँड्रॉइडचा पावलं मोजणारा सेन्सर तर दहा सेकंदांपर्यंत उशीर करू शकतो, त्या बदल्यात मोजणी जास्त अचूक होते.

आता आईचं चालणं बघा. ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं. थांबा. वळा. मोरीपर्यंत तीन. वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत सहा-सात, मग एका मुलाच्या वहीवर वाकून उभी. लय जुळेपर्यंत चालणं संपलेलं असतं. आणि मुळात फोन तिच्या अंगावर असतोच कुठे? साडीला खिसा नाही. शाळेत फोन पर्समध्ये, घरी चार्जिंगला. ती दिवसभर फिरते आणि फोन कपाटावर पडून ९०० म्हणतो.

यातला धोका वेगळाच आहे. ९०० बघून आई म्हणाली, "म्हणजे मी काहीच करत नाही की काय?" आणि तिने ॲप उघडणंच सोडलं. तिला व्यायामाची गरज आहे, कारण दिवसभर उभं राहूनही तिचे गुडघे आणि मांड्या कमजोर झाल्यात, दम लागतो. पण फोनची साक्ष तिच्याबद्दल खोटी आहे. बाबांची बऱ्यापैकी खरी, कारण त्यांचा फोन शर्टाच्या खिशात असतो आणि ते खरोखरच बसलेले असतात.

मग मोजायचं काय?

ठोके मोजायचे? स्मार्टवॉच हिरवा प्रकाश त्वचेवर टाकतं, रक्त तो शोषतं, प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके कळतात. छान तंत्र आहे. पण पुढचा हिशोब '२२० वजा वय' या सूत्रावर होतो आणि ते सूत्र ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय बीपीच्या गोळ्यांपैकी बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. घड्याळ म्हणणार 'अजून जोर लावा' आणि माणूस मात्र धापा टाकतोय.

त्यापेक्षा फुकटची आणि जास्त भरवशाची गोष्ट म्हणजे बोलून बघणं. हालचाल करताना सलग बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर जोर मध्यम आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जास्त होतंय, कमी करा. गाणंही म्हणता येतंय, तर अजून थोडं चालेल. एवढंच. आमच्याकडे मी सांगितलं की आकडे मोठ्याने मोजायचे. "एक... दोन... तीन..." मोठ्याने मोजणारा माणूस श्वास रोखूच शकत नाही आणि आवाज तुटायला लागला की थांबायचं, हे आपोआप कळतं.

प्रगती बघायला खुर्चीची चाचणी. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. वयस्करांचा पडण्याचा धोका तपासायला अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेत हीच चाचणी वापरतात. तिथल्या तक्त्यात ६० ते ६४ वयाच्या पुरुषांना १४ पेक्षा कमी आणि बायकांना १२ पेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली. बाबा ५८ चे, साठीही आली नव्हती, पहिल्यांदा आलं ९. आईचं ८, आणि तिने दोनदा मांडीला हात लावला.

एक सूचना, खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते.

आमची दहा मिनिटं

डॉक्टरांना विचारून ठरवलेला हा क्रम आहे. तुमच्या घरी बीपी, साखर, हृदय किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर तुम्हीही आधी विचारा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर नक्कीच, कारण हालचालीने साखर एकदम खाली येऊ शकते.

सुरुवात दोन मिनिटं जागेवर चालण्याने. गुडघे फार वर नाही, जिना चढतो तेवढेच. मग खुर्चीवरून उठ-बस, ८ वेळा. पहिले दोन आठवडे हात मांडीवर ठेवून उठायचं, मग हात सोडायचे. उठताना श्वास सोडायचा. मिनिटभर थांबा, पाणी प्या. मग भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून भिंतीचे दंड, ८ वेळा. तळवे भिंतीवर, कोपर वाकवून छाती जवळ न्यायची आणि परत ढकलायचं. जमिनीवरच्या दंडांपेक्षा वजन फार कमी येतं. मग ओट्याला किंवा टेबलाला धरून टाचा वर-खाली, १० वेळा. मग आधार धरूनच एका पायावर १० सेकंद, दुसऱ्या पायावर १० सेकंद. शेवटी परत दोन मिनिटं चालणं, हळूहळू कमी करत.

मध्ये हवी तेवढी विश्रांती. उडी नाही, जमिनीवर झोपणं-उठणं नाही, आवळून धरून ठेवणं नाही. आठवडाभराने जमलं तर आठाचे नऊ करायचे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं, 'बघू उद्या' नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी हे तुकड्यांतही चालतं. आई टाचा दूध तापेपर्यंत ओट्याला धरून करते. बाबा उठ-बस दुपारी अडीचला करतात, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नसतं. आणि रात्री जेवल्यावर दोघं गल्लीतून दहा मिनिटं फिरून येतात. याला आपल्याकडे शतपावली म्हणतात आणि ती अगदी योग्य वेळी आहे. जेवणानंतर रक्तात साखर चढत असते, त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू काम करायला लागले की ते ती साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्सुलिनवर नेहमीइतके अवलंबून राहत नाहीत. काठावरच्या साखरेला याहून सोपा उपाय मला तरी सापडला नाही. फक्त शंभरावर थांबू नका.

फोनचं काय करायचं

मी शेवटी ते ॲप काढून टाकलं. काढताना एक गोष्ट सापडली. सात दिवसांच्या फुकट ट्रायलनंतर पैसे कापायची परवानगी बाबांनी 'पुढे, पुढे' करत देऊन टाकली होती. लक्षात ठेवा, ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये वरच्या प्रोफाइल फोटोवर दाबा, पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्समध्ये जा, तिथून रद्द करा. यूपीआय ॲपमध्येही ऑटोपेची यादी असते, तीही एकदा बघून घ्या.

ॲपच्या जागी मी स्वतःच्या आवाजात दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करून पाठवलं. "आई, बाबा, खुर्ची भिंतीला लावा. आता जागेवर चालायला सुरुवात करा..." असं. पहिला प्रयत्न फसला. मी सूचना देऊन तीस सेकंद गप्प बसायचे, तर आईला वाटायचं फोन बंद पडला, ती काम सोडून फोन बघायला जायची. "तू मध्येच गप्प का होतेस गं?" शिवाय मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते त्या स्पीडने बोलले होते. दुसऱ्या वेळी प्रत्येक आकडा सावकाश म्हटला, मोकळ्या वेळात काहीबाही बोलत राहिले. ते चाललं.

तुम्ही करणार असाल तर फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये करा, व्हॉट्सॲपच्या माइकवर दहा मिनिटं सलग बोलताना एक चूक झाली की सगळं परत. मग फाइल पाठवा आणि त्यांच्या फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. ऐकताना फोन टेबलावर उताणा ठेवायला सांगा. बाबा व्हॉट्सॲपवर ते लावून फोन खिशात घालायचे आणि आवाज अचानक बारीक व्हायचा. कारण स्क्रीनच्या वरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर खिशाच्या कापडाला कान समजतो आणि आवाज कानाच्या स्पीकरवर वळवतो.

आठवण करून द्यायला वेगळं ॲप टाकू नका. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चालणारी ॲप्स बंद केली जातात, मग आठवण येतच नाही किंवा रात्री दहाला येते. फोनचं घड्याळ मात्र सिस्टिमचं असतं, त्याचा अलार्म वाजतोच. रोजचा अलार्म लावा, त्याला नाव द्या आणि जमत असेल तर रिंगटोन म्हणून तुमच्या आवाजाची छोटी फाइल निवडा. आमच्याकडे अडीच वाजता दुकानात माझा आवाज येतो, "बाबा, उठा." कुणी गिऱ्हाईक असलं तर तेही दचकतं.

पावलं मोजणारं ॲप बाबांच्या फोनमध्ये ठेवलं आहे, पण लक्ष्य बदललं. त्यांचा आठवड्याचा सरासरी आकडा काढला, १,८००. त्यात ५०० मिळवले, २,३०० लक्ष्य. दोन आठवडे जमलं की परत ५००. आईच्या फोनमधून ते काढलंच. ॲपची नोटिफिकेशन्स बंद केली, कारण रात्री पावणेनऊला शटर ओढणाऱ्या माणसाला 'तुम्ही आज मागे पडलात' हे वाचायची काही गरज नाही. आणि परवानग्या तपासल्या. पावलांसाठी 'शारीरिक हालचाल' ही एकच परवानगी लागते. कॉन्टॅक्ट्स आणि मायक्रोफोन कशाला हवेत?

सलग किती दिवस केलं हे दाखवणारी साखळीही बंद केली. आईकडे सहावीच्या सराव परीक्षेचे पेपर आले आणि तिचे चार दिवस बुडाले, तर ॲपने तिचा आकडा शून्यावर नेला असता. आता नोंद भिंतीवरच्या कालनिर्णयवर होते. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख जिथे लिहितात तिथेच, केलं त्या दिवशी बारीक टिक. बुडालेला दिवस नुसताच रिकामा दिसतो, मागच्या टिका कुठे जात नाहीत.

सहा आठवड्यांनी मी घरी गेले तेव्हा परत खुर्ची भिंतीला लावली. बाबा १२, आई ११, मांडीला हात न लावता. कालनिर्णयवर ४२ दिवसांपैकी बाबांच्या २९ टिका होत्या, आईच्या २४. साखरेची पुढची तपासणी अजून व्हायची आहे, त्याबद्दल आत्ताच काही म्हणत नाही. गोळ्या अर्थातच चालू आहेत.

आठाचे दहा करायचे म्हणून नवीन रेकॉर्डिंग करायचं होतं, तर आई म्हणाली या वेळी मी करते, तुझं मराठी फार घाईचं आहे. तिने एका दमात केलं, वर्गात कवायत घेते त्या आवाजात. बाबा आता दुपारी अडीचला दुकानात तेच लावतात.